खुर्ची एक, लाकडी

धाकट्या मुलीला मुलगी झाली त्या वर्षी मी कारखानदार झालो. दोन्ही बातम्या मी शेजाऱ्यांना एका दमात सांगितल्या. पहिलीला लोक "अभिनंदन" म्हणाले. दुसरीला म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

कारखाना म्हणजे आमच्या घरामागची पत्र्याची शेड. तिच्यात स्टीलची दोन मोठी पातेली, टोमॅटोचा गर काढायचं एक जुनं यंत्र, बाटल्यांना झाकणं दाबायचं एक हातयंत्र आणि मी. बिस्किट कंपनीत जन्मभर बॉयलर सांभाळल्यामुळे वाफेशी माझी चांगली ओळख होती. टोमॅटो सॉस म्हणजे तरी शेवटी काय, टोमॅटो आणि वाफ. उरलेलं जावईबापूंना कळत होतं, निदान कळतं असं ते म्हणत. ते वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमच्याच गल्लीत राहतात, दिवसा एका दुकानात हिशेब लिहितात आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन मोठमोठ्या कल्पना मांडतात. बाटलीवर "नैसर्गिक" असं छापायचं आणि सॉस टिकावा म्हणून जे घालतात ते निम्मंच घालायचं, ही कल्पनाही त्यांचीच. पण ते पुढे येईल.

गिऱ्हाईकही त्यांनीच आणलं. कारखाने आणि दवाखान्यांमधली कँटीनं चालवणारी एक कंपनी होती. तिने आमचा सॉस चाखला, मान डोलावली आणि एका मोसमाचा सगळा माल घेऊ असं कबूल केलं. मला वाटलं, झालं. आता सॉस करायचा, द्यायचा, पैसे घ्यायचे.

इथेच माझं शिक्षण सुरू झालं. टोमॅटो स्वस्त होतो तो वर्षातून जेमतेम तीन आठवडे. तेव्हाच वर्षाचा सगळा घ्यायचा. बाजारातला दलाल गाडीतून पेटी उतरवायच्या आधी रोख मागतो. बाटलीवालाही रोख मागतो. साखरवाला उधार देतो, पण रोज येऊन चहा पितो आणि आपल्याकडे बघत बसतो. आणि कँटीनवाली कंपनी माल घेतल्यावर तीन महिन्यांनी पैसे देते, कारण ती मोठी कंपनी आहे आणि मोठ्या कंपन्यांना घाई नसते.

"म्हणजे मधले तीन महिने आपण काय खायचं?" बायकोने विचारलं.

"सॉस," ताई म्हणाली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा माझं नाक पुसण्यापासून मला कामाला चिकटवण्यापर्यंत सगळं तिने केलं. लग्न केलं नाही. "एक मूल पदरात पडलं तेवढं पुरे," असं ती सांगायची आणि माझ्याकडे बोट दाखवायची. लोकांचे कपडे शिवून तिने या घराचा निम्मा पैसा भरला, त्यामुळे घर आम्हा दोघांच्या नावावर. रस्त्याकडची खोली तिची. तिच्या खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती, उंच पाठीची, रुंद हातांची. ताईचं हृदय थकलेलं होतं. आडवी झाली की तिला धाप लागे, म्हणून ती रात्रीसुद्धा त्या खुर्चीतच टेकून झोपायची. दिवसा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून अडवायची. आमच्या गल्लीत लोक कामावर उशिरा पोचत ते तिच्यामुळे.

तर पैसे. शेजारच्या घरात एक निवृत्त हिशेब तपासनीस राहतात. ते प्रत्येक गोष्ट टक्क्यांत सांगतात, म्हणून गल्ली त्यांना टक्केवाले म्हणते. ते कुंपणावरून म्हणाले, "कारखानदार, ऐंशी टक्के धंदे भांडवल न मिळाल्यामुळे बुडतात."

"आणि उरलेले वीस?"

"ते भांडवल मिळाल्यामुळे."

तरी मी बँकेत गेलो. तिथले साहेब तरुण होते आणि त्यांना कायम सर्दी असे. ते म्हणाले, "काका, तुम्हाला खेळतं भांडवल हवंय." मला तो शब्द फार आवडला. आमच्याकडे जे होतं ते लंगडत होतं.

साहेबांनी नाक पुसत समजावून सांगितलं. अल्पमुदतीचं कर्ज दोन प्रकारे मिळेल. एक, घर गहाण टाका. दोन, तयार माल तारण ठेवा. म्हणजे सॉसच्या बाटल्या एका खोलीत रचायच्या, खोलीला बँकेचं कुलूप लागणार, आणि तुम्ही पैसे भराल तसतसा माल बँक मोकळा करणार. पैसे माल विकून भरायचे.

"आणि माल विकायचा तर तो कुलपातून बाहेर हवा," मी म्हणालो.

"बरोबर."

"आणि बाहेर काढायला पैसे भरायला हवेत."

"बरोबर," साहेब म्हणाले. मला सगळं समजलं याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

घरी येऊन मी दोन्ही प्रकार सांगितले. ताई म्हणाली, "घराला हात लावायचा नाही. माल दे कुलपात." तो प्रश्न तिथेच मिटला. मग साहेब खोली बघायला आले. शेड गरम म्हणून नापास. बाहेरच्या खोलीला दोन दारं म्हणून नापास. स्वयंपाकघर बायकोने दाराशी उभं राहून स्वतःच नापास केलं. शेवटी ते ताईच्या खोलीत गेले, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा. थंड आहे. एकच दार. फक्त ही खिडकी बंद करावी लागेल."

"लावून घेऊ," मी म्हणालो.

"लावून नाही चालणार काका. विटांनी."

आम्ही सगळे ताईकडे बघायला लागलो. ती खुर्चीत बसली होती. तिने आधी बाहेर बघितलं, मग साहेबांकडे.

"किती दिवस?"

"तीन महिने, आत्या," जावईबापू म्हणाले. "फार तर फार."

"म्हणजे बाळ उपडं पडायच्या आत?"

"त्याच्याही आत."

"मग ठीक आहे. मी बाहेरच्या खोलीत राहीन. पण धाकट्या, त्या विटा तू स्वतः काढायच्यास. गवंड्याला पैसे द्यायचे नाहीत."

मी हो म्हणालो. मोठ्या बहिणीला हो म्हणायची मला लहानपणापासून सवय आहे.

मग आम्ही तीन आठवडे सॉस केला. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. माझे हात कोपरापर्यंत लाल होते, बायकोचे केस लाल होते, आणि बाळ आम्हाला बघितलं की रडायचं. माल भरायच्या दिवशी जावईबापूंनी खोके खोलीत असे शिस्तीत रचले की खुर्ची खिडकीजवळ त्यांच्यामध्ये अडकली. ताईची सोय म्हणून ती सगळ्यात शेवटी काढायची असं ठरलं होतं, आणि शेवट झाला तेव्हा तिच्याभोवती छातीइतकी उंच तटबंदी उभी होती.

"दुपारी काढू," जावईबापू म्हणाले.

पण साहेब सकाळीच आले. त्यांनी मला छापील कागद दिला. मी अक्षरं उशिरा शिकलो, कंपनीच्या रात्रवर्गात, आणि ज्याला एखादी गोष्ट उशिरा मिळते तो तिचा जरा जास्तच मान ठेवतो. त्या कागदावर छापलं होतं, "तयार मालाचा संपूर्ण साठा". मी ते दोनदा वाचलं. संपूर्ण म्हणजे संपूर्ण. बायकोने फडताळात दोन बाटल्या बाजूला ठेवल्या होत्या, त्या मी आणून दिल्या. साखरवाल्याला भेट दिलेली एक परत मागून आणली. एक बाटली उघडून अर्धी संपवलेली होती, तीही मी पुढे केली. साहेब म्हणाले, "ती राहू द्या काका." ते माझ्यावर फार खूश होते. इतका प्रामाणिक कर्जदार त्यांनी पाहिला नव्हता, असं ते म्हणाले. मी दिवसभर छाती काढून फिरलो. त्या दिवसाइतका मूर्खपणा मी पुढेही पुष्कळ केला, पण इतक्या अभिमानाने नाही.

मग साहेबांनी यादी केली. खोलीत जे जे होतं ते सगळं लिहावं असा त्यांचा नियम होता. खोके लिहिले, फळ्या लिहिल्या, आणि शेवटी मान उंच करून खोक्यांपलीकडे बघत लिहिलं, "खुर्ची एक, लाकडी." कुलूप लागलं. कुलपावर लाख ओतली. दारावर पाटी आली की आतील सर्व वस्तू बँकेकडे तारण आहेत.

"साहेब, ती माझी बसायची खुर्ची आहे," ताई म्हणाली.

"हो का?" साहेब शिंकले. "मग अर्ज द्या."

कर्ज मिळालं. दलालाचे, बाटलीवाल्याचे पैसे फिटले, साखरवाल्याने चहा बंद केला. मी कँटीनवाल्या कंपनीला कळवलं की माल तयार आहे. उत्तर आलं, आनंद झाला. कृपया प्रयोगशाळेचा दाखला पाठवा, त्यासाठी चालू बनावटीची एक सीलबंद बाटली तपासायला द्या, दाखला मिळताच मालाचा पहिला हप्ता उचलू.

एक सीलबंद बाटली. मी बँकेत धावलो. साहेब म्हणाले, "काढता येईल की. आधी थोडी रक्कम भरा, किंवा कंपनीचं पत्र आणा की ते पैसे देणार आहेत." मी कंपनीकडे धावलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "पत्र देऊ की. दाखला आणा." मी अर्धी राहिलेली उघडी बाटली शोधली. ती जावईबापूंनी पावाबरोबर संपवली होती.

"बाबा, चव उत्तम होती," ते म्हणाले. त्यांच्याशी मी आठवडाभर बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

शेवटी थोडी रक्कम मी माझ्या पेन्शनीतून जमवली. तोवर बाळ उपडं पडलं होतं. पैसे घेऊन बँकेत गेलो तर खुर्चीत दुसरेच साहेब. सर्दीवाल्यांची बदली झाली होती. कुलपाला दोन किल्ल्या एकाच वेळी लागत, आणि त्यातली एक मुख्य कचेरीतल्या ज्या साहेबांकडे असे ते प्रशिक्षणाला गेले होते. कशाचं प्रशिक्षण, हे मी विचारलं. "ग्राहकसेवा," नवे साहेब म्हणाले.

ताईच्या खुर्चीच्या अर्जाचं उत्तर मात्र आलं. त्यात लिहिलं होतं की सदर खुर्ची ही तारणाचा भाग असून ती मोकळी करण्यापूर्वी तिचं मूल्यांकन करावं लागेल, आणि मूल्यांकन करणाऱ्याचं शुल्क अर्जदाराने भरावं. त्या शुल्कात तशा तीन खुर्च्या आल्या असत्या. म्हणून मी नवी खुर्ची आणली. ताईने तिच्यात बसून बघितलं.

"हिचे हात आखूड आहेत. ही दुसऱ्या कोणाच्या तरी बहिणीच्या मापाने केली आहे."

"वन्सं, मागे उशी देऊ?" बायकोने विचारलं.

"दे. दोन दे. एक माझ्या मागे आणि एक तुझ्या नवऱ्याच्या तोंडावर."

बाहेरची खोली मागच्या अंगाला, तिला रस्ता दिसत नाही. समोर शेड दिसते. ताई दिवसभर शेडकडे बघत बसायची आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. पायांवर सूज आली. रस्त्यावरून लोक हाक मारत, मग विटांकडे बघून पुढे जात. डॉक्टर येऊन गोळ्या वाढवून गेले. दाराशी मला म्हणाले, "त्यांना ताठ बसवून ठेवा. आणि मन रमेल असं काहीतरी असू द्या."

आवाज पहिल्यांदा ताईनेच ऐकला. दुपारची वेळ होती, बाहेर रखरखीत ऊन. "धाकट्या," ती म्हणाली, "तुझा माल बोलतोय."

मी दाराला कान लावला. आतून फट् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. खिडकी बुजल्यामुळे थंड खोली भट्टी झाली होती, आणि आमच्या नैसर्गिक सॉसने निसर्गाप्रमाणे वागायला सुरुवात केली होती. बाटल्या एकेक करून झाकणं उडवत होत्या. मी बॉयलरवर आयुष्य काढलं. कोंडलेली वाफ कुठे जाते हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण बॉयलरला एक झडप असते. या खोलीला बँक होती.

चार-सहा दिवसांनी दाराखालून लाल ओघळ आला. टक्केवाल्यांची बायको वाटीभर साखर मागायला आली होती. तिने तो बघितला, मग सीलबंद दार बघितलं, मग शेजारी डोळे मिटून टेकलेल्या ताईला बघितलं आणि किंचाळत बाहेर पळाली. अर्ध्या तासात हवालदार हजर. त्यांनी वाकून ओघळाला बोट लावलं, वास घेतला, आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत चाखलं.

"सॉस?"

"हो."

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"साहेब, मग दार उघडून द्या की," ताई डोळे न उघडता म्हणाली.

हवालदारांनी लाखेचं सील बघितलं आणि दोन पावलं मागे सरकले. "बँकेचं आहे आजी. खून असता तर उघडलं असतं."

बाळ बसायला लागलं. किल्लीवाले साहेब प्रशिक्षणावरून आले आणि रजेवर गेले. कंपनीने कळवलं की मोसम संपल्यामुळे करार आपोआप रद्द समजावा. बँकेने कळवलं की मुदत संपल्यामुळे मालाचा लिलाव करण्यात येईल, तारीख यथावकाश. मी ते पत्र वाचून दाखवलं. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सॉस गेला."

"गेला."

"सॉसचं काही नाही रे." तिला एका दमात एवढंच बोलता आलं. मग थोडं थांबून म्हणाली, "माझी खिडकी तेवढी उघडून दे. तू हो म्हणाला होतास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडा घेऊन रस्त्यावर, खिडकीसमोर उभा राहिलो. पहिला घाव घालायच्या आत गल्ली जमली. एकाने सांगितलं वरून सुरू करा. दुसऱ्याने सांगितलं खालून, म्हणजे भिंत आपोआप येईल. भिंत कोणाच्या अंगावर येईल ते त्याने सांगितलं नाही. टक्केवाले म्हणाले, "कारखानदार, तारणाला हात लावणं गुन्हा आहे. शंभर टक्के."

"खिडकी तारण नाही. यादी वाचलीय मी."

"अहो, चष्मा घाला, डोळ्यात खडा जाईल," बायको ओरडली.

दुपारपर्यंत विटा निघाल्या. आतून आलेल्या वासाने गल्ली चार हात मागे गेली. खोक्यांची तटबंदी कोसळली होती. भिंतींवर छतापर्यंत लाल-काळे शिंतोडे, खाली काचा, सगळीकडे माश्या. आणि त्यात, खिडकीपासून हातभर आत, ताईची खुर्ची, बैठकीवर सॉसचं डबकं घेऊन, जशीच्या तशी उभी.

मी गजांतून हात घातला. बोटं खुर्चीच्या हाताला लागली. मी ओढली, ती खिडकीपर्यंत आलीही. पण गजांतून खुर्ची कशी निघणार? मी गज हलवून बघितले. जावईबापूंनी हलवून बघितले. सबंध गल्लीने आळीपाळीने हलवून बघितले. ते गज ताईनेच बसवून घेतले होते, चोरांसाठी, आणि काम चोख करून घ्यायची तिची सवयच होती.

"मला बाहेर आणा," घरातून ताईचा आवाज आला.

मी एका बाजूने, जावईबापूंनी दुसऱ्या बाजूने धरलं. बायकोने स्टूल आणलं आणि मागे आधाराला स्वतः उभी राहिली. ताई रस्त्यात, आपल्याच खिडकीसमोर बसली. इतकी वर्षं ती त्या खिडकीतून बाहेर बघत होती. आता पहिल्यांदाच बाहेरून आत बघत होती. टक्केवाल्यांनासुद्धा आकडा सुचेना.

मग ताई म्हणाली, "मी लोकांना अशी दिसायची होय?"

"याहून स्वच्छ," मी म्हणालो.

ती हसली आणि तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "खुर्ची जरा डावीकडे सरकव. तिथून चौकापर्यंत दिसतं."

मी गजांतून हात घालून खुर्ची डावीकडे सरकवली. मग येणारे-जाणारे तिच्याशी बोलायला थांबले, ती एकेकाला अडवत राहिली, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही सगळे रस्त्यातच होतो. त्या दिवशीही पुष्कळ लोक कामावर उशिरा पोचले.

आठवडाभरात बँकेची नोटीस आली: तारण मालमत्तेत अनधिकृत हस्तक्षेप. मी उत्तर माझ्या हाताने लिहिलं. "खिडकी उघडली. बाटली एकही घेतली नाही. खुर्ची एक हात डावीकडे आहे." त्यावर काही आलं नाही.

लिलाव शेवटी झाला. दोन्ही किल्ल्या एकाच दिवशी, एकाच दारासमोर आल्या. त्यांना बघायला मी हात जोडून उभा होतो. आरोग्य खात्याच्या माणसाने सॉस नष्ट करण्याचा शेरा मारला आणि काच भंगारवाल्याने वजनावर घेतली. राहिली खुर्ची एक, लाकडी. मी बोली लावली. या माणसाला ही घाण खुर्ची हवी आहे म्हणजे तिच्यात काहीतरी असणार, असं भंगारवाल्याला वाटलं. त्याने वाढवली. मी वाढवली. टक्केवाले माझ्या कानात म्हणाले, "सोडा. निम्म्यात नवी येते." मी वाढवली. भंगारवाल्याने माझ्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं आणि मुकाट्याने बाजूला झाला. कर्जाचं म्हणाल तर ते माझ्या पेन्शनीतून अजून फिटतंय. अल्पमुदतीचं होतं.

खुर्ची आता खिडकीशी आहे. कितीही धुतली तरी उन्हाळ्यात तिला आंबूस वास येतो. नात तिच्यावर चढून बसते आणि रस्त्यावरच्या लोकांना हाका मारते.

ताई त्या लिलावाच्या आदल्या आठवड्यात गेली, नातीने पहिलं पाऊल टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, बाहेरच्या खोलीत, आखूड हातांच्या खुर्चीत.